रोज एक तांब्या

भोगीच्या दिवशी सकाळी साडेसहाला मंजुषानं केस मोकळे सोडले, वाटलेल्या तिळाची वाटी न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली, गिझरचा नळ सोडायला हात पुढे केला आणि नळानं तिला झटका दिला. झटका म्हणावा एवढा मोठाही नव्हता तो. बोटांतून निघून कोपरापर्यंत झिणझिण्या सरसर पळाल्या आणि तिथंच कुठंतरी जिरल्या. पण पाय ओल्या फरशीवर, आणि नळ तर काही झालंच नाही अशा थाटात ठिबकतोय. तिनं हात छातीशी धरला. बाई, हे काय गं! पहिला विचार विजेचा यायला पाहिजे होता. वायरमनच्या घरातली सून ती. पण पहिला विचार आला आत्याबाईंचा. आपली सासू अडीच महिने झाले, उमापूरला धाकट्या लेकाकडं जाऊन बसलीय, आणि आपण तिला एकदाही ‘घरी या’ म्हटलेलं नाही. ते आता असं बोटातून वर चढलं, असं तिला वाटलं. कोरड्या टॉवेलनं हात पुसून तिनं बाहेर येऊन बटण बंद केलं. संस्कृती दाराशीच उभी होती, खांद्यावर कपडे घेऊन. सतरा वर्षांची पोर, साडेसातला क्लास, आणि वर्षातून एकदाच ती आईनं न सांगता केस धुवायला तयार होते, ते भोगीला. “आज कुणी अंघोळ करायची नाही,” मंजुषा म्हणाली. पोरगी बघतच राहिली. “भोगीला?” मंजुषानं न्हाणीचं दार ओढून कडी घातली. कारण पाच मिनिटांनी त्या नळाला ह्या पोरीनं हात लावला असता.

तशी ती घाबरट नव्हे. कोर्टासमोर तिचं टायपिंगचं दुकान आहे. वकील मंडळी उभ्या उभ्या सांगतात आणि ती प्रतिज्ञापत्रं बडवते. बांधावरून भांडण, वाटणीवरून भांडण, सासूनं सुनेला हाकललं, सुनेनं सासूला हाकललं. दिवसभर दुसऱ्याची भांडणं टाइप करून करून तिची अशी समजूत झाली होती की भांडण म्हणजे आरडाओरडा, पोलीस, दोन साक्षीदार. तिच्या घरात तसलं कधी झालं नाही. दिवाळीत झालं ते एकाच वाक्याचं. पाऊस दगा देऊन गेला होता, नळाला बाराव्या दिवशी पाणी, बोअर गुळण्या टाकत होती, टँकर सांगावा तर चार दिवस यायचा नाही. आणि आत्याबाई आपल्या नेहमीप्रमाणे पहाटे उठून, भरलेला तांब्या घेऊन, अंगणातल्या देवाला पाणी घालत होत्या. भरलेला! मंजुषा रांगोळीला बसली होती, तोंडातून निघून गेलं, “आत्याबाई, देवाला काय रोज तहान लागते का? आठवड्यातनं एकदा घातलं तरी चालतंय की त्याला.” वच्छलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, तांब्यातलं उरलेलं पाणी परत हंड्यात ओतलं आणि आत गेल्या. भाऊबीज झाल्यावर धाकटा दीर राम आला, त्याच्याबरोबर उमापूरला गेल्या. “दोन-चार दिस ऱ्हाते,” म्हणाल्या. त्या दोन-चार दिवसांची संक्रांत आली.

हा देव म्हणजे घराच्या मागच्या कोपऱ्यातला काळा गोल दगड. भोवती चार विटांचं आळं, मागं भिंत. मंजुषा अंबाजोगाईहून लग्न होऊन ह्या घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली, तर नवी सासू वाकून त्या दगडावर पाणी घालतेय. नव्या घरात माणसाला काय कळतं? कुठं बसावं, कुणापुढं पदर घ्यावा, चहा आधी कुणाला द्यावा, सगळाच गोंधळ. तिनं ताबडतोब डोक्यावरून पदर घेतला, हळदीकुंकवाची कुयरी आणली आणि दगडाला ठसठशीत कुंकू लावून डोकं टेकलं. कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून एकोणीस वर्षं. अमावास्येला नारळ, नागपंचमीला लाह्या, गौरी उठल्या की पहिला नैवेद्य तिकडं. दगडापासून भिंतीवर चढत गेलेली एक जाड तार होती, चुन्यानं माखलेली. तिला ती दरवर्षी लाल नाडा बांधायची. संस्कृती पोटात होती तेव्हा नवव्या महिन्यात तिथं बसून तिनं काय काय मागितलं होतं! पुढं पोरीला डेंग्यू झाला तेव्हा, नवऱ्याची, अमरसिंहांची, बदली अडली तेव्हा, दुकानाचं लायसन अडकलं तेव्हा. दुकानात वकिलांनासुद्धा सांगायची, आमच्या घरी जागृत स्थान आहे हो. आत्याबाई गेल्यावर तिनं कुंकू चुकवलं नव्हतं. पाणी तेवढं बंद. कोरड्या दगडावर कोरडं कुंकू नीट बसायचं नाही, वाऱ्यानं उडून जायचं. तेव्हा तिच्या मनात यायचं, आपण देवाचं पाणी तोडलं. आणि मग लगेच, देवाचं कसलं, सासूचं तोडलं. उमापूरला फोन लावायला हात जायचा आणि मागं यायचा. काय म्हणायचं? ‘पाणी घाला’ म्हणून परत बोलवायचं का?

आठ वाजता बजरंग आला. कोपऱ्यावरच्या दुकानातला मिस्त्री, नवा होता गल्लीत, पिशवीभर पाने-पकडी आणि तोंडभर बडबड. त्यानं आधी मेन बंद केला, गिझरचं पाणी खालच्या बादलीत सोडलं, झाकण उघडलं आणि आतली कॉइल बाहेर ओढली. ओढता ओढता थांबला. “वहिनी, ह्ये बघा. ह्याला गिझर म्हनायचं का चुनखडीची खान?” बोटाएवढी कॉइल पांढऱ्या थरानं मनगटाएवढी झाली होती. त्यानं पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोकलं तसे खडूसारखे पापुद्रे परातीत पडले. मग आतली कांडी दाखवली, म्हणजे टाकीवर यायचा गंज आधी आपल्या अंगावर घेणारी मॅग्नेशियमची कांडी; तिची फक्त तार उरली होती. “बोअरचं पानी सोडलं ना तुमी? ही कांडी दर दोन वर्षाला बदलायची असती. किती वर्षं झाली?” मंजुषानं मनात मोजलं आणि सांगितलं नाही. “टाकी साफ करायची, कॉइल नवी, कांडी नवी, वायसर नवा. साठच्या पुढं काटा न्यायचा न्हाई, क्षार कमी धरतो. समजलं?” “समजलं,” ती शाळकरी पोरीसारखी म्हणाली. संस्कृती परातीतला पापुद्रा उचलून जिभेला लावायला निघाली होती, तिच्या हातावर चापट मारली. मंजुषाला गंमत वाटत होती. एवढं आजारी होऊनही बिचारा गिझर रोज सकाळी पाणी तापवून देत होता, कुणाला एका शब्दानं बोलला नव्हता. सगळ्याच घरात असं एखादं माणूस असतं, तिला वाटलं, आणि पुन्हा उमापूर आठवलं.

पण बजरंगचं समाधान होत नव्हतं. कॉइल फुटली, पाण्यात करंट उतरला, हे कळलं. पण उतरलेला करंट जमिनीत का नाही गेला? त्यानं पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला, दोन वायरी लोंबत होत्या त्याला. मेन चालू करून एक वायर प्लगच्या एका भोकात, दुसरी शेजारच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्बानं डोळासुद्धा उघडला नाही. “अर्थिंग मेलंय वहिनी तुमचं. पार मेलंय. आज तुमी वाचलात ते नशिबानं. खड्डा कुठं हाय?” कसला खड्डा? “अर्थिंगचा. कोळसा, मीठ घालून पाइप पुरत्यात. त्याला पानी लागतं सारखं. जमीन वाळली की संपलं.” तिला ठाऊक नव्हतं. घर बांधलं मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, राधाकिशन वायरमननी. वायर न् वायर त्यांच्या हातची. ते जाऊन आठ वर्षं झाली. तिनं नवऱ्याला फोन लावला. अमरसिंह ट्रेनिंगला नाशिकला. झटक्याचं ऐकून त्यांचा आवाज एकदम बसला, “तुला काही झालं नाही ना? पोरीला?” असं दोनदा विचारलं. मग तिनं अर्थिंगचा खड्डा कुठं म्हणून विचारलं तर पलीकडं शांतता. “अहो?” “अगं… ते तू आईलाच विचार.” “तुम्हाला माहीत नाही?” “आईला विचार म्हटलं ना!” आणि चक्क फोन ठेवला. ठेवताना घशातून काहीतरी निघालं, खोकला होता का काय कळेना. माणसाच्या बायकोला शॉक बसतो आणि हे असे!

म्हणजे फोन करणं आलंच. अडीच महिने जे जमलं नव्हतं ते आता एका मिस्त्रीसमोर, केस विंचरलेले नसताना, न्हाणं झालेलं नसताना, करायचं होतं. तिकडून वच्छलाबाईंचा आवाज आला, “कोन? मंजू?” आणि त्या दोन शब्दांत इतकी घाई होती की मंजुषा आधी ठरवलेलं वाक्य विसरली. तिनं झटक्याचं सांगितलं. “आगं माय!” म्हातारी ओरडली. “लेकरू? संस्कृती?” सगळे बरे आहेत म्हटल्यावर तिनं खड्ड्याचं विचारलं. पुन्हा शांतता. ह्या घराला आज शांततेचा रोगच जडला होता. मग आत्याबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “त्या मिस्त्रीला दे फोन.” बजरंगनं फोन कानाला लावला. “हां मावशी. हां. हां? …बरं. बरं बरं.” फोन परत देऊन तो सरळ मागच्या दारानं अंगणात गेला, चपला न काढता विटांच्या आळ्याशी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी देवाला धरून हलवायला लागला. “अहो! अहो, काय करता?” मंजुषा धावली. “देव आहे तो!” “देवच हाय वहिनी,” बजरंग दात दाखवत म्हणाला, “पर खाली पाइप हाय.” दगड बाजूला झाला. खाली लोखंडी पाइपचं गोल तोंड, त्याला नटबोल्टनं आवळलेली ती जाड तार, आणि तारेवर एकोणीस लाल नाडे, विटलेले, एकावर एक. बजरंगनं ते मोजल्यासारखे बघितले आणि भल्या माणसानं काही विचारलं नाही. त्यानं खडे मीठ मागितलं. दोन बादल्या पाणी मागितलं. वाळलेली माती ते पाणी असं पीत होती की बुडबुड्यांचा आवाज येत होता. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा वायर मोठ्या भोकात घातली आणि बल्ब पेटला. आधी पिवळट, आणखी बादली ओतली तसा झक्क. “जित्तं झालं बघा!” संस्कृतीनं टाळ्या वाजवल्या, मग आईकडं बघितलं, मग नाड्यांकडं, आणि ती जी हसत सुटली ती पोट धरून पायरीवरच बसली. “आई, तू अर्थिंगला नवस बोललीस? मी अर्थिंगच्या नवसाची आहे?” मंजुषासुद्धा हसली. हसू आवरेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता एका ठिकाणी ते हसू थांबलं. सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला, दिराला, सासूला, सासऱ्यांना. एकोणीस वर्षं आपण पदर घेऊन खड्ड्यापुढं वाकत होतो आणि घरातले बघत होते.

दुपारी ती स्टँडवर जाऊन गेवराईच्या गाडीत बसली तेव्हा केस धुतलेले होते, नव्या कॉइलच्या कढत पाण्यानं. पोरीला खिचडी करून ठेवली होती. गिझर असा तापला होता की साताठ वर्षांनी पहिल्यांदा तिनं गार पाणी मिसळून घेतलं. अंग हलकं झालं होतं, मन मात्र नाही. खिडकीबाहेर ज्वारी निसवलेली, मधूनच हरभरा, ऊन सोनेरी, सगळं कसं छान चाललं होतं आणि ती आपली एकेक सकाळ आठवून तपासत होती. त्या पहिल्या दिवशी अमरसिंह एकदम आत पळाले होते, ते शिंक आली म्हणून नव्हतं तर! राम भावजींनी एकदा विचारलं होतं, “वहिनी, आज देवाला काय नैवेद्य?” आणि मामंजींनी त्याच्याकडं असं पाहिलं होतं की तो ताट घेऊन उठला. नारळ फोडताना शेजारणीला आपण सांगत होतो, स्वयंभू आहे म्हणून! अरे देवा. बी. कॉम. शिकलेली, मिनिटाला पन्नास शब्द. आणि आत्याबाई, ज्यांना सही करायला अंगठा लागतो, त्या रोज पहाटे वीज मंडळाचं काम करत होत्या. माणूस कुणाला खुळं म्हणतो आणि खुळं कोण असतं! गेवराईला उतरून तिनं उमापूरची जीप धरली. जीपमध्ये एका बाईनं विचारलं, “माहेरी का?” तिनं उत्तर शोधलं आणि म्हणाली, “सासूला आणायला.” असं मोठ्यानं म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं.

वच्छलाबाई ओसरीवर सूप घेऊन तीळ निवडत होत्या. तिला फाटकात पाहून सूप तसंच टाकून उठल्या, जवळ आल्या आणि आधी तिचा उजवा हात धरून उलटासुलटा करून बघितला, बोटं, तळवा, मनगट. “कुठं बसला? हितं? कोपरापत्तुर? दुखतंय का अजून?” मंजुषानं ठरवलं होतं आधी पाणी प्यायचं, मग सावकाश बोलायचं. पण ती तिथंच उभ्या उभ्या म्हणाली, “तुम्ही मला सांगितलं का नाही? एकोणीस वर्षं हसला असाल सगळे.” आवाज चिरकला तिचा. वच्छलाबाईंनी हात सोडला नाही. “हसलो की,” त्या म्हणाल्या. “खोटं कावून बोलू? पयल्या दिशी लई हसलो. अमर तोंडात टावेल कोंबून पळाला. मी चुलीम्होरं बसून हसले. तुजे मामंजी तेवढे न्हाई हसले. आमा सगळ्यास्नी आत बोलावलं, दार लावलं, अन् म्हनले, परक्या घरचं लेकरू हाय. कुनाच्या पाया पडावं ते तिला ठावं न्हाई, म्हनून दिसंल तिथं पडली. ह्या घरात ह्याच्यावर कुनी हसायचं न्हाई, तिला सांगायचं बी न्हाई. शब्द द्या म्हनले. दिला.” वच्छलाबाईंनी तिच्या मनगटाला लागलेला तीळ झटकला. “अन् दुसऱ्या दिशी पहाटं तू उठायच्या आधी सोता गेले. चपला काढल्या. तू बाहेर आलीस तवा त्यांनी हात जोडले व्हते, बग आठव. जन्मात देवळाची पायरी न चढलेला मानूस. म्हनले, पोर एकटी चुकली तर चूक, घर तिच्यासंगं चुकलं तर मग ती रीत हाय.”

मंजुषाला आठवलं. आठवायला काही लागलंच नाही. खाकी शर्ट, खिशाला टेस्टर अडकवलेला, ड्यूटीवर निघालेले मामंजी, कोपऱ्यात चपला काढून उभे. अकरा वर्षं, रोज. ती चहा घेऊन थांबायची आणि मनात म्हणायची, किती भाविक माणूस आहे. ती म्हणाली, “मग मी पाणी घालू नका म्हटलं तेव्हा तरी…” “तवा सांगितलं असतं तर एवड्या वर्साचं फुटलं असतं गं. त्यांना दिल्याला शब्द. अन् न सांगता पानी बंद केल्यालं मला बघवंना. म्हनून आले हिकडं. अमरला म्हनलं व्हतं, दर शनवारी गुपचूप एक बादली ओत. तुज्यावर रागावून न्हाई आले मी.” मग जरा थांबून, “थोडी रागावले व्हते. त्यो अमर ट्रेनिंगहून येऊ दे, त्याला दावते.” मंजुषा हसली आणि रडली, दोन्ही एकदम, मग हातातली पर्स खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि त्या अनवाणी, भेगाळलेल्या, तीळ चिकटलेल्या पायांवर डोकं टेकवलं. आज तिला कुणी सांगायची गरज नव्हती. “घरी चला,” ती पायांवरूनच म्हणाली. वच्छलाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं, न्हालेल्या केसांवरून हात फिरवला आणि आत बघून धाकट्या सुनेला हाक दिली, “आगं, माजं लुगडं दे वाळत घातल्यालं. पावनेपाचची गाडी चुकंल.”